शांतिनाथ अण्णांचं फडकं आणि नीलमचा निळा रंग

बेळगावातल्या त्या सायन्स कॉलेजच्या केमिस्ट्री विभागात वायूची गळती हुडकणारं एक यंत्र होतं. त्याचं नाव शांतिनाथ अण्णा. हुद्दा अटेंडर, नोकरी एकतीस वर्षं, मूळ घर निपाणीत, घराणं तंबाखू पिकवणाऱ्या जैन शेतकऱ्यांचं आणि मुक्काम इथंच खासबागेत दोन खोल्यांत. विभागानं एकदा खरंखुरं यंत्रही मागवलं होतं, पण बॅटरी उतरली की ते मुकाट बसायचं. अण्णांचं नाक कधी मुकाट बसलं नाही. जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर थांबून ते जाहीर करायचे, "दुसऱ्या बाकावर अमोनियाच्या बाटलीचं बूच सैल हाय बघा." वर जाऊन बघावं, तर बूच सैल.

अण्णांच्या ताब्यात काचेची भांडी, कपाटांच्या किल्ल्या आणि डिस्टिल्ड वॉटर. हे तिसरं खातं त्यांच्या विशेष जिव्हाळ्याचं. रोज सकाळी वाफेचं यंत्र लावायचं, थेंबथेंब पडणारं पाणी कॅनमध्ये भरायचं, कॅनवर तारीख घालायची. ते पाणी पिऊन कुणाची तहान भागणार नव्हती, पण अण्णा ते पाहुण्यांना द्यायच्या पाण्यासारखं सांभाळायचे.

दोन वर्षांपूर्वी विभागात नीलम आली. लोंढ्याजवळच्या खेड्यातली शेतकऱ्याची मुलगी, पीएच.डी. करणारी. चालणं भराभरा, बोलणं त्याहून भराभरा. पहिल्याच आठवड्यात तिनं अण्णांना गाठलं.

"अण्णा, युरिया कशातनं येतो, ठाऊक आहे?"

"पोत्यातनं."

"तसं न्हवं हो! युरियाला अमोनिया लागतो आणि अमोनियाला हवेतला नायट्रोजन. हवेत ढीगभर नायट्रोजन आहे, पण दोन-दोन अणू एकमेकांना असं धरून बसलेत, तिहेरी पकड! सुटता सुटत नाही."

"उसाच्या ट्रॉलीला तीन दोर आवळल्यागत."

"बरोब्बर! कारखान्यात चारशे-पाचशे डिग्री तापवून, वर भयंकर दाब देऊन ती पकड सोडवतात. मला ती इथं सोडवायची आहे. ह्या टेबलावर, पाण्यात, थोड्याशा विजेवर. त्यासाठी मधे एक मदतनीस लागतो, उत्प्रेरक म्हणतात. महागाचे धातू नकोत मला, साधा कोळसा पाहिजे. पण त्यात बारीक बारीक खाचा पाहिजेत, नायट्रोजनला येऊन टेकायला."

अण्णांनी क्षणभर विचार केला. "म्हंजे पाहुण्याला बसाय पाट पाहिजेत."

"होय की! पाटच!" नीलम उडालीच. त्या दिवसापासून विभागात त्या खाचांना पाट हाच शब्द रूढ झाला. माधवी मॅडमसुद्धा, म्हणजे नीलमच्या गाईड, एकदा सेमिनारमध्ये 'पाटांची संख्या' असं बोलून गेल्या आणि मग दोन मिनिटं चष्मा पुसत बसल्या.

नारळाची करवंटी झाली, उसाची चिपाडं झाली, खानापूरकडची काजूची टरफलं झाली. सगळ्यांचा कोळसा झाला, एकातही अमोनिया झाला नाही. नीलमचं बोलणं हळूहळू सावकाश व्हायला लागलं. ते अण्णांना बघवेना.

"तंबाखूचे दांडे घेऊन बघतीस काय?" ते एकदा म्हणाले. "पानं काढली की रानात नुसते दांडे राहतात. जनावर तोंड लावत न्हाय, चुलीत घातलं तर डोळे झोंबतात. दरवर्षी पेटवून देतो आम्ही. बांधाला थोडे रचलेले असतील अजून."

पुढच्या सोमवारी अण्णा निपाणीच्या बसमधून पोतं घेऊन उतरले. कंडक्टरनं विचारलं होतं, "हे काय अण्णा?" अण्णांनी ताठ मानेनं उत्तर दिलं होतं, "संशोधन." त्यावर कंडक्टर म्हणाला होता, "संशोधन असू दे की, पण दारात ठेवू नका, माणसं पडत्यात."

दांडे धुतले, तोडले, वाळवले, नायट्रोजनच्या धारेत आठशे डिग्रीला भाजले, आम्लात धुतले. निघाली चिमूटभर काळी भुकटी. ती नखाएवढ्या कागदी पट्टीवर माखून नीलमनं काचेच्या भांड्यात सोडली, खालून नायट्रोजनचे बुडबुडे, वरून वीज. दोन तासांनी त्यातलं थोडं पाणी नळीत घेऊन तिनं तीन औषधं टाकली आणि नळी तासभर कपाटात अंधारात ठेवली. अमोनिया असला तर पाणी निळं होतं, नसला तर होत नाही. इतका सरळ न्याय कोर्टातही मिळत नाही.

कपाट उघडलं. पाणी निळं होतं!

ओढूनताणून निळं नव्हे, चांगलं खणखणीत, इरकली लुगड्यासारखं निळं. नीलम किंचाळली. शेजारच्या फिजिक्सवाल्यांना स्फोट झाला असं वाटून दोघं जण वाळूची बादली घेऊन आले. अण्णा तर जिना उतरून थेट कँटीनमध्ये पोचले. गुडघ्याच्या दुखण्यामुळे गेल्या सहा वर्षांत ते जिना धावत उतरले नव्हते.

"भरमू, हवेतनं खत काढलं आमच्या पोरीनं! आणि कशावर? निपाणीच्या दांड्यावर!"

कँटीनवाला भरमू चहा ओतता ओतता म्हणाला, "लई भारी. आता ह्या चहातनं तेवढं दूध काढून दाखवा म्हणावं."

पुढचे तीन आठवडे म्हणजे सण होता. नीलम रोज प्रयोग लावायची, रोज पाणी निळं व्हायचं. नळ्यांची बुचं घट्ट लावून, वार-तारखेच्या चिठ्ठ्या चिकटवून तिनं त्या एका लाकडी घोडीत ओळीनं मांडल्या होत्या. एकच गंमत होती. सोमवारचा रंग गडद, मंगळवारचा जरा कमी, आणि शुक्रवारपर्यंत फिक्कट. पुन्हा सोमवारी गडद. नीलमचं म्हणणं, कोळसा काम करून दमतोय आणि रविवारी वाळून ताजा होतोय. अण्णांना हे एकदम पटलं. कामावरच्या कुणालाही रविवार पाहिजेच.

माधवी मॅडम मात्र हसल्या नाहीत. "नीलम, आर्गॉन लाव. नायट्रोजन बंद करून आर्गॉन सोडायचा, बाकी सगळं तेच. आर्गॉन कशाशी जुळत नाही, त्यातून अमोनिया तयार होऊच शकत नाही. तेव्हा पाणी निळं व्हायलाच नको. झालं, तर हा अमोनिया तुझ्या कोळशानं केलेला नाही, बाहेरून कुठून तरी आलाय."

आर्गॉनचं सिलिंडर आज येतं, उद्या येतं करत फेब्रुवारीतल्या एका सोमवारी आलं. त्याच शुक्रवारी नीलमची कमिटी होती, पीएच.डी.ची प्रगती तपासणारी. सोमवारीच प्रयोग लावला, नळी कपाटात ठेवली. तासाभरानं कपाट उघडलं.

पाणी निळं. गडद निळं. इरकली!

घोडीतल्या सगळ्या नळ्या एकदम खोट्या दिसायला लागल्या. मॅडम शांतपणे म्हणाल्या, "शुक्रवारपर्यंत हा कुठून येतोय ते सापडलं नाही, तर कमिटी दांडे बंद करून दुसरा विषय घ्यायला लावेल. आणि ते चूक नसतील, नीलम. दोन वर्षं गेलीत."

नीलम "हो मॅडम" म्हणाली आणि खिडकीजवळ जाऊन सिलिंडरची किल्ली उगीच पुसत राहिली.

मग सुरू झाला अमोनियाचा शोध. सगळे संशयित. नीलमचे हातमोजे बदलले. फरशी पुसायचं औषध बदललं. खालच्या मजल्यावरच्या मुतारीकडची खिडकी खिळे मारून बंद केली, त्यावर फिजिक्सवाल्यांनी हवेसाठी आंदोलन करायची धमकी दिली. माणसाच्या श्वासातही अमोनिया असतो असं वाचल्यावर मॅडमनी सगळ्यांना मास्क लावायला सांगितले. भरमू चहा घेऊन आला तेव्हा अण्णांनी त्याला दारातच अडवलं.

"आत श्वास सोडायचा न्हाय."

"मग घ्यायचा तरी व्हय?"

"घे, पण परत देऊ नको."

आणि अण्णांचं नाक? ते तर जोरात कामाला लागलं होतं. कपाटं हुंगली, नळ हुंगले, बेसिनखाली वाकून पाइप हुंगले. काही नाही. एकतीस वर्षांत पहिल्यांदा नाकानं दगा दिला, तोही पोरीच्या अडीनडीला. अण्णांचं मन लागेना. दांडे आपण आणले, आशा आपण लावली.

बुधवारी दुपारी ते एकटेच त्या घोडीसमोर बसले. फेब्रुवारीचं ऊन नळ्यांतून आरपार येत होतं. सोमवार गडद, शुक्रवार फिक्का. सोमवार गडद, शुक्रवार फिक्का. परवाचा आर्गॉन गडद, कालचा आर्गॉन जरा कमी. म्हणजे नायट्रोजन असो की आर्गॉन, पाण्याला वार कळत होता! कोळसा दमत नव्हता. सोमवारी दुसरंच काहीतरी ताजं होऊन येत होतं.

सोमवारी ताजं होऊन काय येतं? अण्णांनी मनातल्या मनात सगळ्यांना रांगेत उभं केलं. नीलम रविवारीही इथंच असते. मॅडम शनिवारी येतात. शनिवारी दुपारी निपाणीला जाऊन सोमवारी सकाळी ताजा होऊन येणारा विभागात एकच माणूस.

तो माणूस म्हणजे ते स्वतः.

ते उठले आणि वाफेच्या यंत्राच्या खोलीत गेले. तिथं खिळ्याला एक पांढरं, दुहेरी, जाड सुती फडकं लटकत होतं. रोज सकाळी कॅन भरला की अण्णा ते पाणी ह्या फडक्यातून दुसऱ्या कॅनमध्ये गाळायचे. कुणी सांगितलं नव्हतं. पाण्यातला जीव पोटात जाऊ नये म्हणून घरी आईनं पाणी गाळल्याशिवाय कधी घोट घेऊ दिला नव्हता. तहान लागली तरी आधी फडकं, मग तांब्या. नोकरीच्या पहिल्या दिवशी पाण्याचा कॅन हातात आला आणि दुसऱ्या हातानं आपोआप फडकं धरलं. तेव्हापासून धरलेलंच. दर शनिवारी ते निपाणीला जायचं, तारामती आक्का, अण्णांची थोरली बहीण, ते उकळत्या पाण्यातून काढायची आणि सोमवारी ते परत खिळ्यावर.

अण्णांनी फडकं नाकाला लावलं. जोरात श्वास घेतला. कसलाच वास नाही. त्यांना हायसं वाटलं, आणि मग स्वतःच्या नाकाचीच शंका आली. त्यांनी जिन्यातून हाक मारली.

"भरमू! वर ये. ह्याचा वास घे."

भरमूनं मास्क खाली ओढला, हुंगलं आणि मान मागं घेतली. "काय अण्णा! सगळी निपाणी मारतीय की ह्याला."

"कसली निपाणी?"

"तंबाखूची वखार वो. मावशीकडं गेलतो लहानपणी, डोळ्यांतनं पाणी यायचं, तोच वास. तुम्हाला येत न्हाय?"

अण्णांना येत नव्हता. अख्खं बालपण त्या वासात गेलेलं. जगातला बाकी सगळा वास त्यांना वास वाटायचा, हा तेवढा त्यांच्या लेखी हवा होता.

त्यांनी तिथूनच आक्काला फोन लावला.

"आक्का, माझं पाण्याचं फडकं तू वाळवतीस कुठं?"

"का रं? फाटलं काय?"

"न्हाय गं. कुठं वाळवतीस सांग."

"आधी गच्चीवर टाकत हुतो. पण संक्रांतीपासनं हायवेचं काम सुरू झालंय न्हवं, सगळा धुरळा. पाणी गाळायचं फडकं, त्याच्यावर धूळ बसलेली बरी दिसतीय व्हय? म्हणून वखारीत टाकतोय, दोरीवर. आत लई छान वाळतंय, ऊब असतीया."

ऊब असणारच. वखारीत तंबाखूचे ढीग मुरत ठेवलेले असतात, ते आतून तापतात आणि तापले की त्यातून जो वायू सुटतो त्याचं नाव अमोनिया. आक्कानं रविवारभर ते ओलं फडकं त्या वायूत टांगून ठेवलं होतं, केवळ मायेपोटी, धूळ बसू नये म्हणून. सोमवारपासून रोज गाळताना तो थोडाथोडा धुऊन पाण्यात उतरायचा, म्हणून शुक्रवारी रंग फिक्का. नीलमनं नुसतं पाणी तपासलं होतं ते डिसेंबरात, तेव्हा फडकं गच्चीवर होतं. पाणी स्वच्छच निघणार, म्हणून आता त्याच्यावर कुणाचा संशय गेला नव्हता.

"शांतू, काय झालं रं?"

"काय न्हाय आक्का. लई झालं."

मॅडमच्या केबिनपर्यंतची चाळीस पावलं अण्णांना त्या दिवशी निपाणीएवढी लांब वाटली. मे अखेरीला रिटायर व्हायचं. निरोपाच्या भाषणात कुणीतरी 'अण्णांचं पाणी म्हणजे पाणी' असं म्हणेल, असं त्यांनी मनात धरलं होतं. एकदा वाटलं, फडकं गुपचूप खिशात घालावं, उद्यापासून गाळू नये, कुणाला काय कळतंय? पण मग नीलमला कारण कधीच कळणार नव्हतं आणि कारण न कळता कमिटी दांडे ठेवणार नव्हती. खिडकीजवळ किल्ली पुसणारी पोर त्यांच्या डोळ्यांपुढून हलेना. त्यांनी दार ढकललं. नीलमही आतच होती. अण्णांनी फडकं टेबलावर ठेवलं.

"मॅडम, चोर सापडला. मीच हाय."

सगळं सांगून झाल्यावर मॅडमनी फडकं उलटून पाहिलं. "अण्णा, पण डिस्टिल्ड वॉटर गाळायचं कशाला? वाफेतून आलेल्या पाण्यात जीव कुठला?"

"त्यात जीव न्हाय हे मला ठाऊक हाय मॅडम," अण्णा म्हणाले. "हाताला ठाऊक न्हाय."

नीलम रागवेल, रडेल, काहीही करेल अशी अण्णांनी तयारी ठेवली होती. नीलमनं फडकं उचललं आणि ती पळाली. अक्षरशः पळाली. फडक्याचा एक कोपरा पाण्यात बुडवून, ते पाणी नळीत घेऊन तिनं औषधं टाकली. तासाभरानं कपाट उघडलं, तर आजवरच्या सगळ्या सोमवारांनी मिळून खाली मान घालावी इतकं निळं. जवळजवळ शाईच.

"सापडलं! अण्णा, सापडलं!" ती अण्णांचे दोन्ही हात धरून गदागदा हलवत होती. "तुम्ही वाचवलंत!"

"आधी बुडवलं ते सांग की."

"ते नंतर सांगते!"

गुरुवारी सकाळी सगळी भांडी नव्या पाण्यानं सात वेळा विसळली. अण्णांनी यंत्रातून पडलेलं पाणी थेट कॅनमध्ये घेतलं. हात एक-दोनदा खिळ्याकडे गेले, पण त्यांनी ते पाठीमागं बांधून घेतले. आधी आर्गॉन. दुपारी कपाटातून नळी काढली. निळेपणाचा मागमूस नाही! हे पहिलं अर्धं काम.

मग नायट्रोजन. नळी कपाटात जायला सव्वापाच वाजले. अण्णा सूर्यास्ताच्या आत जेवतात, आयुष्यभराचा नेम. डबा सहाला उघडायचा, साडेसहाच्या आत तोंड धुवायचं. त्या दिवशी सहा वाजले, डबा समोर आणि अण्णा कपाटासमोर. नीलम म्हणाली, "अण्णा, जेवून घ्या, सूर्य चाललाय."

"जाऊ दे त्याला. त्याला काय कमिटी हाय?"

सव्वासहाला मॅडमनी कपाट उघडलं. नळी उजेडात धरली. पाणी पाण्यासारखंच दिसत होतं. नीलमनं ओठ चावले. अण्णांनी बाकावरचा कोरा पांढरा कागद उचलला आणि नळीच्या मागं धरला.

"मॅडम... जरा तिरकं बघा."

होतं. कपड्यांच्या शेवटच्या पाण्याला नीळ लागावी तितकंच, पण होतं. शेजारी आर्गॉनची नळी धरली. ती कोरी. पुन्हा ही. पुन्हा ती. मॅडमनी नळी रंग मोजायच्या यंत्रात घातली. आकडा आला तो जुन्या सोमवारांच्या दहाव्या हिश्श्याइतकाही नव्हता. पण शून्यही नव्हता!

"दांड्यांचा," अण्णा हळूच म्हणाले. "हा आमच्या दांड्यांचा." बाहेर सूर्य मावळला, डबा तसाच राहिला आणि एकतीस वर्षांत पहिल्यांदा अण्णा उपाशीपोटी इतके खूश झोपले.

शुक्रवारी सकाळी नीलमनं दोन्ही प्रयोग पुन्हा लावले. तेच. दुपारी कमिटीपुढं तिनं काहीच लपवलं नाही. निळे सोमवार दाखवले, फिक्के शुक्रवार दाखवले, प्लास्टिकच्या पिशवीत बंद केलेलं फडकंसुद्धा दाखवलं. बाहेरून आलेले एक कडक प्राध्यापक ती पिशवी उलटसुलट करत म्हणाले, "हे हुडकलं कुणी?"

"आमच्या अण्णांनी."

"मग मोठमोठ्या लॅबमध्ये पाठवा त्यांना. तिथंही कुणाकुणाची फडकी असतील."

मॅडमनी स्पष्ट सांगितलं की हे अजून 'बहुतेक' आहे, 'नक्की' नाही. आता बेंगळुरूच्या एका लॅबमध्ये जड नायट्रोजन वापरून तपासायचं. तो ह्याच नायट्रोजनचा वजनदार भाऊ, कुठंही गेला तरी ओळखू येतो. अमोनियात तो सापडला, तर कुणाच्या फडक्याचा प्रश्नच नाही. तोवर दांडे चालू राहतील, असं कमिटीनं लिहून दिलं. फक्त एक अट घातली: ह्या हंगामातले ताजे दांडे घेऊन सगळं पहिल्यापासून करून दाखवा.

नीलम कॉरिडॉरमधून ओरडतच आली. "अण्णा! ताजे दांडे! दोन पोती तरी लागतील!"

अण्णांनी घड्याळ बघितलं, मग भिंतीवरचं कॅलेंडर. फेब्रुवारीचा शेवट. पानं उतरवून झालेली. रानं मोकळी करायचे हेच दिवस, आणि घरच्या रानातल्या दांड्यांना उद्या सकाळी काडी लावायची असं आक्का परवाच म्हणाली होती. त्यांनी चालता चालताच फोन लावला. दुसऱ्या हातानं पिशवी उचलली, मग पिशवी ठेवून छत्री उचलली, मग छत्री ठेवून पुन्हा पिशवी.

"आक्का! दांडे पेटवू नको! ऐकतीस न्हवं? काडी लावायची न्हाय!"

"मग काय पुजायचे काय रं?"

"पुजाय लागलं तरी पूज, पण जाळू नको! मी आलोच. पाचची बस धरतोय."

"बरं बाबा, ये. आणि शांतू, ते फडकं घेऊन ये, धुवायचं असंल."

अण्णा जिन्यात थांबले. मागून नीलम पोत्यांची सुतळी घेऊन धावत येत होती.

"फडकं कमिटीनं ठेवून घेतलं," ते म्हणाले. "घरातल्या पाण्याचं तेवढं तू धू. आणि आक्का, धूळ बसली तर बसू दे, पण गच्चीवर वाळव."

आणि ते धावत जिना उतरले. सहा वर्षांत दुसऱ्यांदा, गुडघ्याला न विचारता.